भूमिगतांना घरात ठेवणारे स्वातंत्र्यसैनिक नव्हेत का?

बुराईकाठ

आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात, चिमठाण्यापासून फार लांब नाही. ग्रामपंचायतीने मराठी शाळेच्या पटांगणात स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांची शिळा बसवायचं ठरवलंय. पैसे मंजूर झाले, दगडही येऊन पडलाय. घोडं अडलंय ते नावांपाशी. पंचायतीची यादी म्हणजे ज्यांना सन्मान पेन्शन मिळालं तेवढी नावं. ग्रामसभेत मी म्हटलं की बेचाळीस ते चव्वेचाळीसच्या काळात ज्या घरांनी भूमिगतांना ठेवून घेतलं, खाऊ घातलं, त्यांचे निरोप पोचवले, त्यांचीही नावं हवीत. लगेच मागून आवाज आला, "मग काय सगळं गावच स्वातंत्र्यसैनिक म्हणून लिहायचं?"

गावाने ते काम केलं असेल तर लिहायचं, असं माझं मत आहे. ते इथे मांडतो, कारण हा प्रश्न एकट्या आमच्या गावाचा नाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी लुटला. रक्कम साडेपाच लाखांच्या आसपास. साताऱ्याकडून जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आले होते, आणि इकडून डांगरीचे उत्तमराव पाटील, बोराडीचे व्यंकटअण्णा रणधीर अशी आपली माणसं होती. पैसा साताऱ्याकडच्या प्रतिसरकारच्या, म्हणजे क्रांतिकारकांनी चालवलेल्या समांतर सरकारच्या कामाला गेला. त्या जागेजवळ आज क्रांतिस्मारक आहे, आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीबरोबर आमच्याकडे या लुटीचीही आठवण निघते.

आता ही तारीख शेतकऱ्याच्या नजरेने बघा. एप्रिलचा मध्य. दादर, म्हणजे आमची रब्बी ज्वारी, कधीच कापून झालेली, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून घरी सरपणाला आलेल्या, हरभरा-गहू निघालेला. रान उघडं बोडकं. बुराई नदीला पाणी नाही. भाद्रपदात बाजरी-ज्वारीच्या शेतात पन्नास माणसं लपतील, एप्रिलमध्ये एक माणूसही मैलावरून दिसतो. ऊन असं की झाडाखाली बसल्याशिवाय दुपार निघत नाही, आणि झाडं मोजकी. अशा दिवसांत बाहेरगावची, बोलीवरून लगेच ओळखू येतील अशी माणसं इथे आली, थांबली, रस्ता पाहून गेली, आणि लूट झाल्यावर पांगली. कुणाच्या तरी घराशिवाय हे होणं शक्य आहे का? कुणीतरी ओसरीवर बाज टाकून दिली असेल, रांजणातलं पाणी दिलं असेल, "पुण्याचा पाहुणा आहे" असं शेजाऱ्याला सांगितलं असेल. ही माणसं कोणत्याही यादीत नाहीत.

का नाहीत, तर केंद्राची पेन्शन योजना १९७२ साली सुरू झाली तेव्हा मुख्य अट होती सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ती तीन महिन्यांवर आणलेली. भूमिगत असाल तर फरारी घोषित झाल्याचा, डोक्यावर इनाम लागल्याचा किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघाल्याचा पुरावा. जमीन-घर जप्त झालेले, नोकरी गेलेले, गोळीने किंवा लाठीने कायमचे अपंग झालेले यांचाही विचार आहे. यातल्या कुठल्याही खणात, जिने वर्षभर रात्री-बेरात्री चूल पेटवली आणि पकडली गेली नाही ती बाई बसत नाही. ती सापडली असती, सजा झाली असती, तर बसली असती. काम चोख केलं म्हणूनच नाव गेलं.

आणि इंग्रज सरकारने हा हिशेब कसा केला होता? १९४२ मध्ये सामुदायिक दंडाचा वटहुकूम काढला. तार तुटली, स्टेशन जळलं की आसपासच्या रहिवाशांवर सरसकट दंड. म्हणजे शिक्षा देताना त्यांनी गाव धरलं. आपण सन्मान करताना एकेकटा माणूस धरतो. या बाबतीत गाव काय असतं हे त्या सरकारला आपल्यापेक्षा जास्त कळलं होतं, याचं मला वाईट वाटतं.

विरोधी मतं ऐकायची आहेत. ग्रामसभा परत होणार आहे.

कागद_आधी

बुराईकाठ, भावना पोचली, पण मी पूर्ण विरोधात आहे.

तुरुंगवासाची अट काही कुणा कारकुनाच्या डोक्यातून निघालेली नाही. बीड जिल्ह्यात बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण किती वर्षं चाललं आठवा. न्यायमूर्ती पालकर आयोग नेमावा लागला. हैदराबाद मुक्तिसंग्रामात खरोखर रझाकारांशी लढलेल्या माणसांकडेही त्यानंतर लोक संशयाने बघू लागले. खोट्यामुळे खऱ्याची किंमत गेली. आणि तिथेही सुरुवात "यांनीही मदत केली होती" इथूनच झाली होती. मदत हा शब्द रबरासारखा ताणता येतो.

तुम्ही म्हणता तशी योजना आंधळीही नव्हती. दप्तर सापडत नसेल तर ज्यांनी स्वतः दीर्घ तुरुंगवास भोगलाय अशा नामांकित स्वातंत्र्यसैनिकाचं प्रमाणपत्र चालायचं. म्हणजे "हा माणूस आमच्याबरोबर होता" असं त्या काळातल्या जाणत्याने लिहून द्यायचं. तुमच्या गावातल्या या घरांबद्दल असं कुणी लिहून दिलंय का? त्यावेळी ती माणसं हयात होती. आता ऐंशी वर्षांनी नातवंडं सांगतात त्यावर दगड कोरायचा?

माझी आई ज्या गावची, तिथे जवळजवळ प्रत्येक भाऊबंदकी सांगते की भूमिगत आमच्याच माळ्यावर राहत. सगळे खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. पण गोष्ट तीन पिढ्यांत वाढत जाते. एक रात्र राहिलेला माणूस वर्षभर राहिलेला होतो. ज्याने येरवड्यात किंवा धुळ्याच्या जेलात तब्येत घालवली त्याच्या शेजारी हे नाव बसवणं त्याच्यावर अन्याय आहे.

दादरची_भाकर

कागद_आधी भाऊ, "मदत" हा शब्द तुम्हाला रबरासारखा वाटतो, कारण ती काय होती ते कुणी नीट सांगितलेलं नाही. मी अमळनेर तालुक्यातली. आमच्या आजीने सांगितलेलं लिहिते.

घरात खाणारी माणसं सहा. रात्री येणारे कधी चार, कधी आठ. दादरचं पीठ तेव्हा घरी जात्यावर. पहाटे जातं सगळ्या घरांतून वाजायचं, तेव्हा कुणाला काही वाटायचं नाही. पण संध्याकाळी जातं वाजलं की शेजारीण विचारणार, पाहुणे आले का? म्हणून आजी आणि तिची जाऊ पहाटेच दुप्पट दळून ठेवायच्या. दुप्पट दळायचं तर कोठीतलं धान्य लवकर उतरणार, ते सासऱ्याला कळणार, म्हणून सासरा आधी सामील हवा. धूर हा दुसरा प्रश्न. दुपारी भाकरी टाकून झाल्यावर परत चूल पेटली की धाब्यावरच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपरावरच्या, धाऱ्यातून (धुराच्या भोकातून) धूर दिसतो. मग सकाळीच चळतभर टाकून फडक्यात बांधून ठेवायच्या. रात्री ती थंड भाकरी, लसणाची चटणी, कांदा. कधी ज्वारी-उडदाच्या कळण्याची. कालवण केलं तर वास जातो, म्हणून कालवण नाही.

आणि आपली धाब्याची घरं एकमेकांना लागून. पोलीस दारात आले की माणूस जिन्याने धाब्यावर, तिथून शेजारच्या धाब्यावर, असा गल्लीच्या टोकाला उतरायचा. म्हणजे मधल्या प्रत्येक घराच्या डोक्यावरून तो गेला. पायांचा आवाज खाली प्रत्येकाला ऐकू आला. एकाने जरी सकाळी चावडीवर जाऊन सांगितलं असतं तरी संपलं होतं.

आजीला आम्ही म्हणायचो, तू का नाही अर्ज केला? ती म्हणायची, "भाकरी टाकाले काय लागस?" तिने स्वतःच ते काम मोजलं नाही. तुम्ही ज्या प्रमाणपत्राबद्दल लिहिता ते घ्यायला कोण गेलं? पुरुष गेले. बाई कचेरीत जाऊन "मी खाऊ घातलं" असं लिहून मागेल, असं बावन्न-बहात्तर सालच्या खानदेशात तुम्हाला वाटतं का?

लीलाताई पाटलांचं नाव राहिलं याचा मला अभिमान आहे. डांगरीची सून. ऑगस्ट १९४२ मध्ये अमळनेरात मोर्चाच्या पुढे त्या होत्या, कचेरी-स्टेशनला आग लागली, त्यांना मोठी सजा झाली, आणि सजा भोगत असताना त्या निसटून परत भूमिगत झाल्या. एवढं सगळं करूनही कितीदा तरी ओळख "उत्तमरावांच्या पत्नी" अशीच करून देतात. ज्यांनी घरातून काम केलं त्यांचं काय होणार?

शिपायाचा_नातू

माझे आजोबा पश्चिम खानदेशात पोलीस शिपाई होते. त्या काळाबद्दल ते घरात बोलले ते बाहेर कधी बोलले नाहीत, म्हणून मी लिहितो.

सगळं गाव एकदिलाने भूमिगतांच्या मागे होतं हे खरं नाही. काही घरं मनापासून होती. काही घरं घाबरून होती. रात्री चार हत्यारबंद माणसं दारात उभी राहिली आणि जेवायला मागितलं, तर कोण नाही म्हणेल? सकाळी पोलीस येऊन विचारायचे आणि मारायचे, रात्री हे यायचे. दोन्हीकडून गरिबाचंच मरण. खबऱ्याला काय शिक्षा होते याच्या बातम्या साताऱ्याकडून आल्याच होत्या, त्यामुळे तोंड बंद ठेवण्यामागे देशभक्ती किती आणि धाक किती हे आज कोण ठरवणार? बुराईकाठ, तुमच्या शिळेवर घाबरून भाकरी दिलेल्या घराचं नाव येणार का? आणि त्याच गल्लीत खबर देणारं एखादं घर होतं, त्यांचे नातू आज तुमच्याबरोबर ग्रामसभेत बसतात. "सगळं गाव" असं कोरलं की त्यांचंही नाव आत आलं.

शिपायांबद्दलही थोडं. तीही इथल्याच कुणब्यांची, भिल्लांची, मुसलमानांची पोरं होती. महिन्याचा पगार हेच घराचं जगणं. गोष्टीत ते कायम राक्षस असतात.

बुराईकाठ

शिपायाचा_नातू, तुमच्या आजोबांना मी राक्षस म्हणणार नाही. पण नोकरी सोडणारेही होतेच. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी पोलीस खात्यातच होते, चांगल्या हुद्द्यावर. ते सोडून ते चळवळीत आले आणि फैजपूरची काँग्रेस उभी करणाऱ्यांत पुढे राहिले. प्रत्येकाला ते जमणार नाही हे मान्य. ज्याला जमलं त्याची थोरवी मात्र त्यामुळेच कळते.

घाबरून भाकरी दिलेल्या घराबद्दल: ते घर दुसऱ्या दिवशी चावडीवर गेलं का? नाही गेलं, मार खाऊनही नाही गेलं, तर माझ्या लेखी ते नाव येतं. भीती प्रत्येकालाच होती, बापू लाडांनाही असेल.

पूर्वखानदेशी

रावेरकडचा आहे, म्हणून जरा वेगळ्या बाजूने बोलतो. चर्चा चिमठाण्यापासून सुरू झाली यालाच माझी हरकत आहे.

खानदेशातला गावातला क्रांतिकारक म्हटलं की लगेच बंदूक आणि खजिना डोळ्यांसमोर येतो. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष नेहरू. गांधीजींनी सांगितलं की गावातल्याच वस्तूंनी सगळं उभं करा, नंदलाल बोस येऊन बांबू-चटयांतून कलेने टिळकनगर सजवून गेले. पण तो बांबू तोडला कुणी, वाहिला कुणी, लाखो माणसांच्या पाण्याची सोय कुणी केली? तापीकाठच्या शेतकऱ्यांनी, बैलगाड्या जुंपून. त्यात एकही गोळी सुटली नाही. १९३० ला जंगल सत्याग्रह झाले. १९३२ मध्ये धुळ्याच्या जेलात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे, ऐकायला साधे सत्याग्रही कैदी, त्यांतले कितीतरी खेड्यांतले. अठ्ठावीस-तीस सालापासून गावोगाव सूत, प्रभातफेरी, सारातहकुबीच्या सभा झाल्या म्हणून बेचाळीसला दार उघडलं गेलं. ते दार एका रात्रीत उघडलेलं नाही.

म्हणून नावं वाढवायला माझा पाठिंबा आहे, पण खजिना लुटीला लढ्याचं शिखर मानायला नाही. लूट ही लूटच. उद्या मुलं विचारतील, सरकारी पैसा लुटणं केव्हा बरोबर असतं? मी शिक्षक आहे, मला वर्गात उत्तर द्यावं लागतं.

कागद_आधी

पूर्वखानदेशी सर, इथे मात्र मी तुमच्या विरुद्ध आणि बुराईकाठच्या बाजूने आहे. मुलांना सरळ सांगा: तो पैसा रयतेकडून वसूल केलेला, ज्या सरकारने घेतला त्याला निवडून देण्याचा-काढण्याचा अधिकार रयतेला नव्हता, आणि लुटणाऱ्यांनी तो घरी नेला नाही. आणि अहिंसेचं म्हणाल तर बेचाळीसला साने गुरुजी स्वतः भूमिगत झाले होते, १९४३ मध्ये पकडले गेले. भूमिगत राहणं आणि सत्याग्रहात स्वतःहून अटक करून घेणं या दोन वेगळ्या वाटा आहेत, हे त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे? तो काळच तसा होता. सगळे पुढारी ९ ऑगस्टलाच आत गेलेले.

पूर्वखानदेशी

गुरुजी भूमिगत झाले, पण त्यांनी बंदूक घेतली नाही. हा फरक मी सोडणार नाही.

सातपुडा_पायथा

सगळं वाचलं. मी तळोद्याकडचा, भिल्ल समाजाचा. तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यात खानदेशचा इतिहास १९३० च्या आसपास सुरू होतो आणि सातपुड्याच्या डोंगरात जातच नाही.

कागद_आधी, तुम्ही कागद मागता. ठीक. खाज्या नाईकाचा कागद बघा. सेंधव्याच्या घाटात आग्रा रस्त्याची राखण करणारा, कंपनी सरकारच्या पगारावरचा माणूस. एका गुन्हेगाराच्या मृत्यूवरून त्याला सजा दिली, मग सोडलं, सत्तावनला गरज पडली तशी परत नोकरी दिली. त्याने ती लाथाडली आणि भीमा नाईकाबरोबर बंड उभारलं. १८५७ च्या नोव्हेंबरात त्याच घाटात सात लाखांचा खजिना लुटला. म्हणजे चिमठाण्याच्या शहाऐंशी वर्षं आधी! ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला लढाई झाली, बायका शेकड्यांनी पकडून नेल्या, धरलेल्यांना गोळ्या घातल्या. १८६० मध्ये त्याला दग्याने मारलं. कागदात तो कोण आहे? दरोडेखोर. लिहिणारा कोण? ज्याच्याविरुद्ध तो लढला तो. १९४४ च्या कागदातही चिमठाण्याची माणसं दरोडेखोरच होती, पण त्यांना लिहिता येत होतं, सत्ता आली तेव्हा त्यांच्या ओळखीचे मंत्री होते, म्हणून तो शब्द पुसला गेला. आमचा पुसायला शंभर वर्षं लागली.

आणि १९४३ चं रावलापाणी. इथे किती जणांनी ते नाव ऐकलंय? मोरवडच्या गुला महाराजांनी १९३८ मध्ये आप चळवळ सुरू केली: दारू सोडा, अंघोळ करा, एकत्र आरती करा. हजारो माणसं जमायची. ते गेल्यावर त्यांचे भाऊ रामदास महाराज पुढे आले, सरकारने त्यांना जिल्ह्याबाहेर काढलं. २ मार्च १९४३ ला रावलापाणीला त्यांच्या अनुयायांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तिथल्या खडकांवर गोळ्यांच्या खुणा आजही दाखवतात. नंदुरबारचा शिरीषकुमार अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे, माहीत असलाच पाहिजे, पोरगं पंधरा वर्षांचं होतं. त्या गोळीबाराला सहा महिनेही झाले नव्हते तेव्हाचं हे रावलापाणी. एकाच भागातल्या या दोन घटना, आणि मान मात्र एकीलाच.

कागद_आधी

सातपुडा_पायथा, खाज्या नाईकाबद्दल मला काहीच वाद घालायचा नाही. पण एक सांगू? अंबापाणीची तारीख, बायका पकडल्या हे, गोळ्या घातल्या हे, आपल्याला कुठून कळलं? इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालांतूनच. शत्रूचा कागदसुद्धा नीट वाचला तर आपल्या बाजूने साक्ष देतो. म्हणून कागद सोडा म्हणू नका. उलट अजून शोधा.

रावलापाणीबद्दल मात्र शंका विचारतो, राग मानू नका. ती धर्मसुधारणेची चळवळ होती. दारू सोडणं, आरती करणं हे थोर काम, पण स्वातंत्र्यलढा म्हणायचं तर राज्य घालवायचा हेतू नको का?

सातपुडा_पायथा

राग नाही, पण उत्तर ऐका. दारूवर सरकारचा अबकारी होता, ठेका होता. हजारो आदिवासींनी एका महिन्यात दारू बंद केली तर ठेकेदाराचं आणि सरकारचं उत्पन्न बुडतं. सावकाराकडे कर्ज कशाने व्हायचं? निम्मं दारूने. माणूस शुद्धीवर आला, हिशेब विचारायला लागला, आणि त्याच्यासारखी हजार माणसं दर आठवड्याला एका ठिकाणी बसायला लागली. सरकारला ते राज्य घालवायचं काम वाटलं, म्हणूनच हद्दपारी केली आणि गोळ्या घातल्या. मिठाच्या सत्याग्रहात मीठ उचलणाऱ्याला कुणी विचारलं का, की तू स्वयंपाकासाठी उचललंस की राज्यासाठी?

दादरची_भाकर

हे पटलं. आणि शिरीषकुमारचं निघालंच आहे तर, ९ सप्टेंबर १९४२ ला त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा हेही गेले. माणिक चौकात पाचही नावं आहेत. माझ्या पुतण्याला शाळेत एकच शिकवलं. दगडावर कोरलेली नावंसुद्धा आपण अशी गाळतो, तिथे न कोरलेल्यांचं काय.

पण शिपायाचा_नातू, तुमचा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आमच्या घरातही सगळे राजी नव्हते. आजीची जाऊ चिडायची, लेकरांच्या तोंडचं जातं म्हणून. ती दळायला बसायची, पण रडत बसायची. मला तिचं नाव शिळेवर हवंय. तिच्या मनात काय होतं यापेक्षा तिने काय केलं ते मी बघते.

शिपायाचा_नातू

ताई, तुम्ही खरं लिहिलंत म्हणून मान देतो. पण माझं मत तेच आहे. जी रडत दळत होती तिला न विचारता "स्वातंत्र्यसैनिक" केलं, तर तिचं रडणं पुसलं जाईल. पुढच्या पिढीला वाटेल, सगळे हसत हसत तयार होते. ते खोटं आहे. लिहायचंच असेल तर वेगळा शब्द लिहा. "आसरा देणारी घरं" असं लिहा, खाली घरांची नावं टाका. स्वातंत्र्यसैनिक हा शब्द ज्याने स्वतः निवडून ते काम केलं त्याच्यासाठी राहू द्या. आणि घरच्यांची परवानगी घ्या. आमच्या आजोबांचं नाव कुठल्याही दगडावर, चांगल्या की वाईट अर्थाने, आम्हाला न विचारता कुणी टाकलं तर मी कोर्टात जाईन.

पूर्वखानदेशी

हा तोडगा बरा आहे. वेगळा मथळा, वेगळी यादी.

बुराईकाठ

मला बरा वाटत नाही. वेगळी यादी म्हणजे खालची यादी. दगडावर वर कोण आणि खाली कोण हे आपल्या गावांत लगेच वाचलं जातं, आणि खालच्या यादीत कुणाची घरं येतील तेही मला दिसतंय: भिलाटीतली दोन, एक तेल्याचं, बाकी बायका. वरच्या यादीत पाटीलवाडा. मग जे चाललं होतं तेच परत दगडात.

परवानगीचं मात्र मान्य, आणि ते काम सुरू केलंय. घरोघर जाऊन विचारतोय. दोन घरांनी नको म्हटलं, कारण सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. त्यांची नावं येणार नाहीत. कागद_आधी, तुमच्यासाठी: ज्या घराबद्दल फक्त त्याच घरचे सांगतात ते नाव मी धरत नाही. शेजारच्या किंवा भांडण असलेल्या भाऊबंदाने "हो, होतं खरं" म्हटलं तरच यादीत. जुन्या फौजदारी खटल्यांचे आणि दंडवसुलीचे कागद धुळ्यात बघायचे आहेत. मोडी वाचता येणारं कुणी येणार असेल तर कळवा, जायचा-यायचा खर्च माझा.

कागद_आधी

मोडी मला येते. मी येतो. पण कागदात नाव निघालं नाही तर ग्रामसभेत मी तुमच्या विरोधात बोलणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

बुराईकाठ

बोला. यादी मी तिथे मोठ्याने वाचणार आहे, एकेक घर, कुणाला किती दिवस ठेवलं त्यासकट. ज्याची हरकत असेल त्याने गावासमोर उभं राहून घ्यावी. सोमवारी कचेरी उघडते, साडेदहाला धुळ्यात बसस्टँडवर भेटू.